'तोल्येरे'चं प्रत्येक वेळी 'रिमूव्ह' का होऊ नये: काढण्या-घेण्याची इटालियन क्रियापदं इंग्रजीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा: मातृभाषा मराठी, इटालियन बऱ्यापैकी येतं, आणि हातात काम आहे ते इटालियन पाककृती, स्वयंपाकघरातल्या उपकरणांची माहितीपत्रकं आणि अधूनमधून एखादं सरकारी पत्र इंग्रजीत करण्याचं. 'तोल्येरे', 'लेवारे', 'रिमुओवेरे', 'एस्त्रार्रे', 'प्रेलेवारे' या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'रिमूव्ह' किंवा 'टेक' दिसतं. तसं लिहिलं की इंग्रजी तपासणारा 'चूक नाही, पण असं कुणी म्हणत नाही' असा शेरा मारून मजकूर परत पाठवतो. तर कुठल्या इटालियन क्रियापदाला कुठलं इंग्रजी क्रियापद, असा तक्ता मिळेल का?

तक्ता करता येईल, पण तो तुम्हाला पुन्हा याच जागी आणून सोडेल. अडचण क्रियापदात कमी आणि त्याच्या मागच्या शेपटात जास्त आहे. काढण्याच्या बाबतीत इंग्रजी बोलणारा माणूस 'टेक', 'गेट', 'पुल' असल्या चार-दोन साध्या क्रियापदांवर भागवतो आणि खरं काम 'ऑफ', 'आउट', 'अवे', 'डाउन' यांच्याकडून करून घेतो. इटालियनमध्ये ही शेपटं फारशी लागत नाहीत, एकटं 'तोल्येरे' पुरतं. वस्तू कशावरून निघाली, कशातून निघाली की कुणाकडून गेली हे त्या क्रियापदात नसतं. ते तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि नेमकं ते न ठरवता पुढे गेलं की हात आपोआप 'रिमूव्ह'कडे जातो.

तीन वाक्यं घेऊ. 'तोल्यी इ लीब्री दाल तावोलो', 'तोल्यी इ लीब्री दाल्ला स्कातोला', 'तोल्यी इ लीब्री आल बाम्बीनो'. तिन्हीत क्रियापद तेच, पुस्तकंही तीच. इंग्रजीत मात्र पहिलं 'टेक द बुक्स ऑफ द टेबल', दुसरं 'टेक द बुक्स आउट ऑफ द बॉक्स' आणि तिसरं 'टेक द बुक्स अवे फ्रॉम द चाइल्ड'. पहिल्या दोन वाक्यांतला 'दा' टेबलासाठीही तोच आणि खोक्यासाठीही तोच, म्हणजे मूळ मजकुरात 'ऑफ' की 'आउट ऑफ' याचा काहीच सुगावा नाही.

इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे, आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. हीच वाक्यं मराठीत म्हणा: टेबलावरून, खोक्यातून, मुलाकडून. आपले प्रत्यय जो फरक करतात तोच इंग्रजीची शेपटं करतात. -वरून असेल तर 'ऑफ', -तून किंवा -मधून असेल तर 'आउट ऑफ', -कडून किंवा हातून असेल तर 'फ्रॉम' किंवा 'अवे फ्रॉम'. म्हणून इटालियन वाक्य वाचल्यावर मनात मराठी क्रियापद शोधू नका, कारण तिथे 'काढणे' येईल आणि 'काढणे' हे 'तोल्येरे'इतकंच सैल आहे. आपण कपडे काढतो, दात काढतो, पैसे काढतो, फोटोही काढतो. शोधायचा तो क्रियापदाच्या आधीचा प्रत्यय. 'तोल्येरे इल जेस्सो' आणि 'तोल्येरे इ पुन्ती' ही दवाखान्यातली जोडी बघा. मराठीत प्लास्टरही काढतात आणि टाकेही काढतात. पण प्लास्टर हातावरून निघतं, म्हणून 'टेक द कास्ट ऑफ'. टाके जखमेतून निघतात, म्हणून 'टेक द स्टिचेस आउट'.

भिंतीवर किंवा उंचावर टांगलेल्या वस्तूंसाठी 'डाउन' लागतो. पडदे, चित्रं, दिव्यांच्या माळा, सूचनाफलक हे सगळं 'टेक डाउन'. मराठीत जिथे 'उतरवणे' सहज येतं तिथे बहुधा 'डाउन' बसतो. इंटरनेटवरची पोस्ट हटवली तरी इंग्रजीत ती 'टेक डाउन'च होते.

ही युक्ती काही ठिकाणी फसते, आणि ती ठिकाणं पाठच करावी लागतात. यादीतून नाव काढणं म्हणजे 'टेक अ नेम ऑफ द लिस्ट'. मेनूतून पदार्थ काढला तर 'ऑफ द मेनू'. बाजारातून माल मागे घेतला तर बोलताना 'ऑफ द मार्केट'. वाहनांचंही तसंच: टॅक्सीतून किंवा मोटारीतून सामान काढताना 'आउट ऑफ', पण बस, आगगाडी, विमान यांतून काढताना 'ऑफ'. मराठीत सगळीकडे -तून असल्यामुळे इथे आपला कान दगा देतो.

आता तिसऱ्या वाक्यातल्या 'आल बाम्बीनो'मधला 'आ'. नवख्या अनुवादकाची सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. इटालियनमध्ये ज्याच्याकडून वस्तू जाते त्याला 'आ' लागतो आणि सर्वनाम असेल तर 'मी', 'ती', 'ल्यी', 'ले' येतं. 'देणे' या अर्थाच्या वाक्यातही हाच 'आ' असतो, त्यामुळे डोळा त्याला 'टू' समजतो. 'तोल्येरे', 'लेवारे', 'रुबारे', 'सोत्त्रार्रे', 'स्त्राप्पारे' या हिरावण्याच्या क्रियापदांबरोबर 'आ' आला की तो 'फ्रॉम' समजायचा. 'प्रेंदेरे'बरोबर मात्र थांबून संदर्भ बघावा लागतो. 'ओ प्रेसो उन रेगालो आ मार्को' म्हणजे मार्कोसाठी भेटवस्तू घेतली, 'आय गॉट मार्को अ प्रेझेंट'. त्याच्याकडून काही घेतलेलं नाही. भेटवस्तू माणसासाठी घेतात हे व्यवहारज्ञान इथे व्याकरणापेक्षा जास्त कामाला येतं.

'फ्रॉम' कळला म्हणजे वाक्य झालं असंही नाही. 'मी आन्नो रुबातो इल पोर्ताफोल्यो' याचं 'दे स्टोल द वॉलेट फ्रॉम मी' असं करता येतं, पण ते कानाला खटकतं. इटालियनमधलं ते 'मी' इंग्रजीत बहुतेक वेळा 'माय' होऊन वस्तूला चिकटतं आणि 'त्यांनी' हा कर्ता गळून पडतो: 'माय वॉलेट्स बीन स्टोलन' किंवा 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन'. कर्ता कोण ते कुणालाच माहीत नसतं, इटालियन वाक्यातही ते 'त्यांनी' नावापुरतंच असतं. 'आय वॉज स्टोलन' असं मात्र कधीही नको, त्याचा अर्थ मलाच पळवलं असा होतो. माणूस कर्म असेल तर इटालियनमध्ये 'देरुबारे' आणि इंग्रजीत 'रॉब'. 'स्टील' वस्तूला, 'रॉब' माणसाला किंवा बँकेला.

अंगावरच्या गोष्टींचंही असंच. 'सी ए तोल्ता इल काप्पोत्तो' यातला 'सी' हा 'स्वतःला' म्हणून शब्दशः आणायचा नाही. तो 'हर' होतो: 'शी टुक हर कोट ऑफ'. 'ल्यी आ तोल्तो ले स्कार्पे' म्हणजे तिने त्याचे बूट काढले, 'शी टुक हिज शूज ऑफ'. इटालियनमध्ये बूट नुसते 'ले स्कार्पे' असतात, कुणाचे ते सर्वनाम सांगतं. इंग्रजीत 'द शूज' लिहिलं तर दुकानातले बूट वाटतात. शस्त्रक्रियेतही तेच: 'ल्यी आन्नो तोल्तो लाप्पेन्दीचे' हे घरगुती बोलण्यात 'ही हॅड हिज अपेंडिक्स आउट'. डॉक्टरच्या अहवालात तिथे बहुधा 'आस्पोर्तात्सियोने' असेल आणि तिथे 'रिमूव्हल' किंवा 'एक्सिजन' योग्यच. गंमत अशी की याच 'आस्पोर्तारे'च्या घराण्यातला 'आस्पोर्तो' पिझ्झाच्या दुकानाच्या पाटीवर असतो: 'पित्सा दा आस्पोर्तो'. त्याचं ब्रिटिश इंग्रजीत 'टेकअवे', अमेरिकन इंग्रजीत 'टू गो'.

इथपर्यंतचं कामापुरतं असं धरा. आधी बघायचं, वस्तू जागेवरून सुटते की माणसाकडून. जागेवरून असेल तर मराठी प्रत्यय लावून 'ऑफ', 'आउट', 'डाउन' ठरवायचं. माणसाकडून असेल तर 'आ'चा 'फ्रॉम' करायचा, किंवा सर्वनामाचा 'माय', 'हिज', 'हर' करायचा. क्रियापद शेवटी.

आणि ते सुटं शेपूट कुठे बसवायचं, तेही इथेच सांगतो. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येतं: 'टेक इट ऑफ', 'टेक देम आउट'. झाकणाबद्दल बोलताना 'टेक ऑफ इट' ही चूक आपल्याकडच्या मसुद्यांत फार दिसते. कर्म नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, पण नाम लांबलचक असेल तर शेपूट क्रियापदाजवळच ठेवा, नाहीतर वाचणारा 'ऑफ' येईपर्यंत वाक्याची सुरुवात विसरतो.

'प्रेंदेरे' आणि 'तोल्येरे' यांतला फरक वेगळा सांगायला हवा, कारण इंग्रजीत दोन्ही 'टेक'मध्ये मिसळतात. 'प्रेंदेरे'चं लक्ष घेणाऱ्यावर असतं, 'तोल्येरे'चं लक्ष रिकाम्या होणाऱ्या जागेवर. 'प्रेंदी इ पियात्ती दाल तावोलो' म्हणजे ताटल्या मला हव्यात, घेऊन ये: 'गेट द प्लेट्स फ्रॉम द टेबल'. 'तोल्यी इ पियात्ती दाल तावोलो' म्हणजे टेबल मोकळं कर: 'क्लिअर द प्लेट्स ऑफ द टेबल'. दोन्हींना 'टेक द प्लेट्स' लिहिलं तर सूचना वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळणार नाही. म्हणून 'प्रेंदेरे'साठी पहिला विचार 'गेट'चा करा, 'टेक'चा नंतर. 'वादो आ प्रेंदेरे इल पाने' हे 'आयम गोइंग टू गेट सम ब्रेड'. 'पास्सो आ प्रेंदेर्ती आल्ले ओत्तो' हे 'आयल पिक यू अप ॲट एट'. वेटर 'कोझा प्रेंदे?' विचारतो तेव्हा 'व्हॉट विल यू टेक?' हे आपल्या कानाला बरं वाटतं, पण तिथे 'व्हॉट कॅन आय गेट यू?' असं हवं. कॉफी घेणं म्हणजे 'हॅव अ कॉफी'. सर्दी आणि आग 'कॅच' होतात, दंड 'गेट' होतो, ऊन अंगावर घेणं म्हणजे 'सनबेद', आणि 'क्वान्तो प्रेंदे आल्लोरा?' म्हणजे तासाचे किती घेता, 'हाउ मच डू यू चार्ज ॲन अवर?' 'आ प्रेसो दाल पाद्रे' हे मात्र खरोखरच 'टेक' आहे, पण वेगळ्या शेपटाचं: 'ही टेक्स आफ्टर हिज फादर', म्हणजे पोरगा बापावर गेलाय.

'लेवारे'वर फार वेळ घालवू नका. वस्तू काढण्याच्या अर्थी ते 'तोल्येरे'चंच बोलीतलं भावंड आहे. कुठे कुठलं जास्त ऐकू येतं हे प्रांतावर अवलंबून असतं, इंग्रजी मजकुराला त्याने फरक पडत नाही. इथे इटालियन लेखनाची एक सवय लक्षात घ्यायला हवी. तोच शब्द लगेच पुन्हा वापरणं हा इटालियन शाळेत दोष मानला जातो, म्हणून लेखक एकाच कृतीला पहिल्या ओळीत 'तोल्येरे', तिसऱ्या ओळीत 'रिमुओवेरे' आणि सहाव्या ओळीत 'लेवारे' लिहितो. निबंधात 'तोच शब्द परत नको' हे आपणही ऐकलेलं असतं. इंग्रजी माहितीपत्रकाचा नियम नेमका उलटा आहे: तीच कृती तर तोच शब्द, दहा वेळा आली तरी. तुम्ही तीन इटालियन क्रियापदांना तीन इंग्रजी क्रियापदं देत बसलात, तर वाचणारा समजेल की तीन वेगळ्या कृती आहेत. झाकण पहिल्यांदा 'लिफ्ट ऑफ' केलं असेल तर शेवटपर्यंत 'लिफ्ट ऑफ'च.

म्हणजे माहितीपत्रकात दोन कामं एकमेकांविरुद्ध चालतात. वेगळे शब्द पण एकच कृती असेल तिथे एक करायचं, आणि एकच शब्द पण कृती वेगळ्या असतील तिथे फोडायचं. मोका, म्हणजे गॅसवर ठेवायची ती इटालियन कॉफीची किटली, हे चांगलं उदाहरण आहे. तिच्या सफाईच्या सूचना साधारण अशा असतात: किटली आचेवरून 'तोल्येरे', वरचा भाग 'स्वितारे', नाळक्याचा, म्हणजे कॉफी भरायच्या नरसाळ्याचा, गाळणा 'स्फिलारे', कॉफीचा चोथा 'तोल्येरे', रबरी कडी आणि गाळणीची चकती 'रिमुओवेरे'. इटालियन सूचनांत क्रियापद मूळ रूपात येतं, तरी ती आज्ञाच असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता भांडं डोळ्यांसमोर आणा. आचेवरून उतरवणं हे 'टेक द पॉट ऑफ द हीट'. वरचा भाग 'अनस्क्रू'. 'स्फिलारे'मध्ये लांबट वस्तू तिच्या लांबीच्या दिशेने ओढून काढणं असतं. इथे नाळकं खालच्या टाकीतून सरळ वर येतं, म्हणून 'लिफ्ट आउट द फनेल'. तेच 'स्फिलारे' बोटातल्या अंगठीला असेल तर 'स्लिप ऑफ', आडव्या सरकणाऱ्या ट्रेला असेल तर 'स्लाइड आउट'. चोथ्याला 'रिमूव्ह' म्हटलं तर चमच्याने टिपून काढायचा असं वाटतं. प्रत्यक्षात नाळकं उलटं करून ठोकतात, म्हणून 'नॉक आउट द यूज्ड ग्राउंड्स' किंवा साधं 'एम्प्टी'. रबरी कडी वरच्या भागाच्या बुडाशी खाचेत घट्ट बसलेली असते आणि तीच चकतीला धरून ठेवते. तिला बोथट टोकाने उचकावी लागते: ब्रिटिश वाचकासाठी 'प्राइज आउट', अमेरिकनसाठी 'प्राय आउट'. ती निघाली की चकती आपसूक सुटते, तिला 'टेक आउट' पुरे. मूळ मजकुरात कडी आणि चकती एकाच 'रिमुओवेरे'खाली असल्या तरी क्रम बदलू देऊ नका. आधी चकती लिहिली तर वाचणारा ती ओढत बसेल आणि वाकवेल.

विजेच्या बाबतीत मात्र शैलीचा प्रश्न संपतो आणि सुरक्षेचा सुरू होतो. 'स्ताक्कारे ला स्पीना' म्हणजे प्लग काढणं, 'अनप्लग'. 'तोल्येरे ला कोर्रेन्ते' किंवा 'तोल्येरे तेन्सियोने' म्हणजे पुरवठाच तोडणं, 'स्विच ऑफ द पॉवर ॲट द मेन्स' किंवा 'डिस्कनेक्ट द पॉवर सप्लाय'. भिंतीत पक्क्या बसवलेल्या ओव्हनला प्लग हाताशी नसतो. तिथे 'अनप्लग' लिहिलं तर माणूस पुरवठा चालू ठेवूनच पेच खोलू शकतो. मूळ सूचनेत दोन्ही आलं असेल तर दोन्ही ठेवा.

पाककृतींत 'रिमूव्ह'ला पर्याय सगळ्यात जास्त आहेत, आणि इथे दोन्ही भाषांची घडण वेगळी आहे. इटालियन भाषा निघणाऱ्या वस्तूच्या नावापुढे 'स', 'दिस' किंवा 'दे' लावून क्रियापद बनवते: 'बुच्चा' म्हणजे साल, 'स्बुच्चारे' म्हणजे सोलणे, 'नोच्चोलो' म्हणजे आठळी, 'स्नोच्चोलारे' म्हणजे आठळी काढणे, 'ओस्सो' म्हणजे हाड, 'दिसोस्सारे' म्हणजे हाडं काढणे. इंग्रजी माणूस नामालाच तसंच्या तसं क्रियापद करतो: 'पील', 'पिट' किंवा 'स्टोन', 'बोन'. त्यामुळे 'बोन द चिकन' म्हणजे कोंबडीची हाडं काढा, घाला नव्हे. सोललेली साल 'पील', मटार आणि कोळंबीचं कवच 'शेल', माशाचे खवले 'स्केल', आतडी 'गट', कातडी 'स्किन', सफरचंदाचा गाभा 'कोर', बिया 'सीड'. ही क्रियापदं एका शब्दात काम करतात, तिथे 'रिमूव्ह द ... फ्रॉम द ...' असं लांबण लावायचं कारण नाही.

'प्रिवारे' हे क्रियापद पाककृतींत फार येतं आणि हमखास फसवतं. 'प्रिवाते इ पेपेरोनी देई सेमी' याचं शब्दशः 'डिप्राइव्ह द पेपर्स ऑफ देअर सीड्स' झालं तर मिरच्यांवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. 'सीड द पेपर्स' एवढंच हवं, ब्रिटिश वाचकासाठी 'डीसीड'. आणि 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची. अमेरिकेत पिझ्झावर असतं ते 'पेपरोनी' सॉसेज हे नव्हे.

'पुलिरे इ कार्चोफी' मध्ये 'पुलिरे'चं 'क्लीन' करू नका. अर्टिचोक साफ करणं म्हणजे धुणं नव्हे: बाहेरची निबर पानं तोडायची, टोकं कापायची, देठ तासायचा, आतली केसाळ लव खरवडायची आणि काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकायचं. हे सगळं इंग्रजीत 'ट्रिम'. मासा किंवा माकूळ असेल तर तेच 'पुलिरे' खुशाल 'क्लीन' होतं, आपण मासे साफ करतो तसंच. 'मोंदारे'ला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: निवडणे. इंग्रजीत मात्र ते वस्तूवर ठरतं. डाळ निवडणं म्हणजे 'पिक ओव्हर', शेंगा निवडणं म्हणजे 'ट्रिम'. उत्तर इटलीत वेर्चेल्ली, नोवारा या भागातल्या भातखाचरांत बेणणी करणाऱ्या बायकांना 'मोंदीने' म्हणायचे, ते याच क्रियापदावरून. तिथे इंग्रजी 'वीड', म्हणजे पुन्हा नामाचंच क्रियापद.

'स'ने सुरू होणारं प्रत्येक क्रियापद काढण्याचं नसतं, हे मात्र ध्यानात ठेवा. 'स्बात्तेरे ले उओवा' म्हणजे अंडी फेटणं. 'स्फुमारे' म्हणजे वाइन घालून ती उडून जाईपर्यंत शिजवणं, 'डीग्लेझ विथ वाइन' किंवा 'ॲड द वाइन अँड लेट इट बबल अवे'. 'स्पोल्वेरारे' तर दोन्हीकडे जातं: फर्निचरला लावलं तर धूळ झटकणं, केकला लावलं तर पिठीसाखर भुरभुरणं. सुदैवाने इंग्रजी 'डस्ट'ही तसंच दुतोंडी आहे, तिथे डोकं चालवावं लागत नाही. 'स्फोर्नारे' म्हणजे 'टेक आउट ऑफ द ओव्हन', 'स्फोर्मारे' म्हणजे साच्यातून उलटवून काढणं, 'टर्न आउट'. या दोघांत एकाच अक्षराचा फरक, रात्री उशिरा काम करताना हमखास गोंधळ होतो.

पैसे, रक्त आणि पार्सल. 'प्रेलेवारे' म्हणजे साठ्यातून ठरावीक भाग काढून घेणं. बँकेत ते 'विथड्रॉ', प्रयोगशाळेत 'टेक अ सॅम्पल', आणि दवाखान्यात 'प्रेलिएवो' म्हणजे 'ब्लड टेस्ट'. पोलिसांनी कुणाला घरातून 'प्रेलेवारे' केलं तर 'पिक्ड हिम अप ॲट होम'. 'रितिरारे'मध्ये आपलं किंवा आपल्यासाठी ठेवलेलं परत ताब्यात घेणं आहे: पार्सल 'कलेक्ट' किंवा 'पिक अप', वाळत घातलेले कपडे 'ब्रिंग इन'. 'इल माल्योने सी ए रितिरातो' मध्ये कुणीच काही घेतलेलं नाही, स्वेटर आटलाय: 'श्रंक'.

सरकारी कागदात वरची सगळी मोकळीक संपते. तिथे सहज वाटणारं इंग्रजी शोधायचं नाही, ठरलेली संज्ञा शोधायची. रस्त्यावरच्या पाटीवरचं 'रिमोत्सियोने फोर्त्साता' म्हणजे 'फोर्स्ड रिमूव्हल' नव्हे. इथे गाडी लावली तर उचलून नेतील, एवढाच त्याचा अर्थ: 'टो-अवे झोन'. मनोविश्लेषणावरच्या मजकुरात 'रिमोत्सियोने' आलं तर ते फ्रॉइडचं 'रिप्रेशन' आहे, तिथे 'रिमूव्हल' लिहिलं तर वाक्याचा अर्थच जातो.

वाहन परवान्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. बोलताना इटालियन माणूस 'मी आन्नो तोल्तो ला पातेन्ते' म्हणून मोकळा होतो आणि तिथे 'आय लॉस्ट माय लायसन्स' चालतं. पण 1992 च्या इटालियन वाहतूक संहितेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत: कलम 216 मध्ये 'रितिरो', म्हणजे कागद ताब्यात घेणं, कलम 218 मध्ये 'सोस्पेन्सियोने', म्हणजे ठरावीक काळासाठी स्थगिती, कलम 219 मध्ये 'रेवोका', म्हणजे परवानाच रद्द. पत्रात जे असेल तेच यायला हवं: 'विथड्रॉवल', 'सस्पेन्शन', 'रिव्होकेशन'. 'ड्रायव्हिंग बॅन' हा वर्तमानपत्री शब्द तिन्हींसाठी टाळा. तसंच जप्तीचं: 'सेक्वेस्त्रो' तात्पुरता, 'सीझर', 'कोन्फिस्का' कायमची, 'कॉन्फिस्केशन'. 'सेक्वेस्त्रो दी पेर्सोना'त वस्तू नसते, माणसाला डांबलेलं असतं.

मालाच्या बाबतीत 'रितिरो' आणि 'रिक्यामो' वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या उत्पादन-सुरक्षेच्या नियमांत, आधीच्या 2001/95 या निर्देशात आणि त्याच्या जागी आलेल्या 2023/988 या विनियमात, पुरवठा साखळीतला माल थांबवणं म्हणजे 'विथड्रॉवल', आणि ग्राहकाच्या हाती पोचलेला परत मागवणं म्हणजे 'रिकॉल'. उपकरणांची पत्रं तुमच्याकडे येतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. इथे शब्द चुकला तर घरात धोकादायक वस्तू असलेल्या माणसाला वाटेल की हे दुकानदारांसाठी आहे.

चोरीची कलमंही अशीच. इटालियन दंडसंहितेच्या कलम 624 मध्ये दुसऱ्याची वस्तू 'सोत्त्राएन्दोला आ की ला देतिएने' असे शब्द आहेत. 'सोत्त्रार्रे' म्हटलं की शाळेतली वजाबाकी आठवते आणि 'आ' पुन्हा 'टू' वाटतो. अर्थ आहे 'टेकिंग इट फ्रॉम द पर्सन हू होल्ड्स इट'. नुसती चोरी 'थेफ्ट', हिसकावून नेली तर 624-बिस या पुरवणी कलमाखालची 'स्नॅचिंग', जबरदस्ती किंवा धमकी असेल तर कलम 628 ची 'रॉबरी'. बातम्यांचं इंग्रजी या तिन्हींना सरसकट 'रॉब्ड' म्हणतं, कायद्याच्या मजकुरात तसं करू नका.

सॉफ्टवेअरची बटणं आली तर 'एलिमिना' म्हणजे 'डिलीट', 'रिमुओवी' म्हणजे 'रिमूव्ह', 'आन्नुल्ला' म्हणजे 'कॅन्सल' किंवा 'अनडू'. 'कान्चेल्ला' दिसायला 'कॅन्सल'सारखं असलं तरी फाइलच्या बाबतीत ते पुसून टाकणं आहे. फ्लाइटच्या बाबतीत मात्र खरोखरच 'कॅन्सल'.

राहिले वाक्प्रचार. त्यांना वरचं काहीच लागू नाही, आणि ते क्रियापदाखाली शोधण्यापेक्षा कर्माखाली शोधले तर लवकर सापडतात. 'त्रेक्कानी'चा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, तिथे 'तोल्येरे'ची नोंद लांबलचक आहे. त्यापेक्षा 'दिस्तुर्बो' किंवा 'सालुतो' बघा. 'तोल्गो इल दिस्तुर्बो' म्हणजे निघतो आता, 'आयल लीव्ह यू इन पीस'. 'तोल्येरे इल सालुतो' म्हणजे बोलणं-चालणं बंद करणं. 'तोल्येर्सी इल देन्ते' हे दाताबद्दलही असू शकतं आणि नकोसं काम एकदाचं उरकण्याबद्दलही, 'गेट इट ओव्हर विथ'. 'लेवातेलो दाल्ला तेस्ता' म्हणजे विसर आता ते. 'तोल्तो इल लुनेदी' म्हणजे सोमवार सोडून, 'एक्सेप्ट मंडेज'. आणि पत्रव्यवहारात सारखं भेटणारं 'चो नोन तोल्ये के' म्हणजे 'तरीही', 'म्हणून काही … असं होत नाही'. त्याचं 'दॅट डझन्ट मीन दॅट' करताना पुढच्या उपवाक्यातला नकार तपासा. मूळ उपवाक्य होकारी असेल तर इंग्रजीत ते नकारी करावं लागतं, नाहीतर समोरच्या कार्यालयाने जे मान्य केलंय तेच नाकारलेलं दिसेल. ही कसरत नको असेल तर 'द फॅक्ट रिमेन्स दॅट' घ्या, त्यात उपवाक्य जसंच्या तसं राहतं.